उद्याची ऊब

बाळाच्या अंगावर लंगोटाशिवाय काही नव्हतं, आणि त्याच्या खालची गादी मुद्दाम गार ठेवलेली होती.

कानाला फडकं बांधलेली स्वरूपा चाकाच्या खुर्चीत बसून त्याच्या पावलांकडं बघत होती. हात लावायचा नाही, असं सिस्टरनं बजावलं होतं. शेजारी तिची सासू कुशाबाई उभी होती. सणसरहून सकाळच्या एसटीनं, शाल लपेटून, बारामतीला आलेली. नातू बघायला तिला दोनच मिनिटं मिळाली होती.

"अगं, पाय निळं पडल्यात त्याचं. ह्या थंडीत वासरावर बी आमी पोतं टाकतो."

"आत्याबाई, हाच उपचार हाय त्याचा."

सिस्टर पलीकडच्या बाळाकडं वळली. तेवढ्यात कुशाबाईनं पदराआडून दुपटं काढलं. जुन्या लुगड्याचं, शेगडीवर शेकून, एसटीभर पोटाशी धरून आणलेलं. ते तिनं बाळावर घातलं आणि पावलांखाली नीट खोचलं.

स्वरूपाला दिसलं. अडवायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. परवापासून तिच्या हातांना तेच तर करायचं होतं.

गादीशेजारचं यंत्र कोकलायला लागलं.

"मावशी! काय केलंत हे?" सिस्टरनं दुपटं ओढून काढलं आणि कुशाबाईच्या हातात कोंबलं. दोघींना बाहेर जावं लागलं.

व्हरांड्यात कुशाबाईचा बांध फुटला. "गारठवून मारत्यात लेकराला! आन तू येवढी शाळेत शिकवतीस, तू गप!"

स्वरूपा इंदापूरला दहावीला विज्ञान शिकवायची. ऑक्सिजन मिळाला तर पेशी साखर पुरती जाळते, ऊर्जेचे अडतीस रेणू मिळतात. नाही मिळाला तर दोन. पोरं सुरात म्हणायची, अडतीस आणि दोन. त्या दोनावर कुणाला दिवस काढावे लागतात, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. मानेभोवती नाळ घेऊन आलेलं तिचं पोर कितीतरी वेळ रडलंच नव्हतं.

"आत्याबाई, चुलीला वारा न्हाई मिळाला तर?"

"धुमसती. नुसता धूर."

"तसं झालंय त्याच्या अंगात. साखर अर्धीच जळाली, धुराऐवजी आंबट आम्ल साचलं रक्तात. आता वारा मिळतोय, पण आतली चूल पार दमलीया. त्यात ऊब दिली की…"

"सरपण कोंबल्यावानी व्हतंय."

"व्हय. म्हणून गार ठेवायचं. सगळं सावकाश चालतं मग. सावरायला सवड मिळती."

कुशाबाई हातातल्या दुपट्याकडं बघत राहिली.

"म्हंजी मी सरपणच घातलं की गं."

"थोडंच. लगीच काढलं. मी बी बघत हुते, आत्याबाई."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "डोकं नीट ऱ्हाईल ना त्याचं?"

हे कुठल्या धड्यात नव्हतं.

"उद्या सकाळपास्नं हळूहळू ऊब देणार हायत. मग कळंल."

दिवस कलला. चिकाचं दूध वाटीत काढून सिस्टरकडं देऊन स्वरूपा भिंतीला धरत व्हरांड्यात आली. वारा सुटला होता. साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत होता. कुशाबाई सकाळच्याच बाकड्यावर अंग आखडून बसलेली. उघड्या दंडांवर काटा, ओठ पांढरे पडलेले.

"आत्याबाई, शाल कुठं हाय?"

कुशाबाईनं पदर जरासा वर केला. पोटाशी घट्ट धरलेलं एक गाठोडं होतं.

"दुपट्याला गुंडाळलीया," ती म्हणाली. "उद्या लागंल तवा गार नगं."