एकट्यानं खेळायचा गेम

वनरक्षक रेवती कोडापे सुट्टीवरून परतताना हौसेनं व्हिडिओ गेमची सीडी घेऊन आली. जंगलातल्या चौकीत ती एकटीच असे, आणि गेमही एकट्यानंच खेळायचा होता. पण सीडी घालताच लॅपटॉपवर एकच वाक्य उमटलं: 'इंटरनेट जोडा.'

रेंजसाठी टेकडी चढून तिनं कंपनीला फोन लावला.

"एकट्यानं खेळायला इंटरनेट कशाला हो?"

"मॅडम, तुम्हीच खेळताय ना, याची आम्हाला सारखी खात्री करावी लागते."

"इथं दुसरं आहे कोण? अस्वलं?"

"अस्वलांबद्दल ऑनलाइन तक्रार नोंदवा, मॅडम."

खाली येऊन तिनं ती सीडी दोऱ्यानं पेरूच्या झाडाला टांगली. उन्हात ती अशी लखलखते, की पोपट आता फिरकत नाहीत. या कामाला रेंज लागत नाही.