मौनाच्या दिवशीची ताई

मंगळवारी देवाजवळ दिवा लावून सुमेधाताई पडद्यासमोर बसल्या. गावोगावचे समुपदेशक आपापल्या घरून जोडले गेले. ही माणसं खचलेल्या मुलांचं ऐकत, आणि त्यांचं ऐकायला सुमेधाताई.

वाशिमच्या अनघाचे डोळे सुजले होते. "ताई, मी काम सोडते. माझ्याकडचा तो दहावीचा मुलगा गेला, तेव्हापासून जमतच नाही."

"गेला? कधी?"

"झाले की तीन आठवडे. त्याच सोमवारी बैठकीत सांगितलं होतं."

सोमवारी ताईंचं मौन असे. त्या दिवशी त्यांच्याच चेहऱ्यानं, त्यांच्याच आवाजात संगणकानं घडवलेली त्यांची यंत्रप्रतिमा बैठक घेई.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्हाला सांगितलं की तुम्ही अन्न सोडता. मागे चक्कर येऊन पडलात. प्रतिमेला काही होत नाही. सगळे तिलाच सांगतात."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"बरं. सोमवारी एकदा तिच्याशी बोल, मग ठरव," ताई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी देवाची क्षमा मागून मौन मोडलं, प्रतिमा बंद केली आणि स्वतः तिच्या जागी बसल्या.

"प्रतिमाताई, आहात ना?" अनघानं विचारलं.

"आहे. बोल बाळा."

अनघा मुलाच्या शेवटच्या निरोपापर्यंत आली, तेव्हा ताईंच्या गळ्याशी हुंदका आला. पण प्रतिमा रडत नसे. त्यांनी तो गिळला.

"हलकं वाटलं," अनघा म्हणाली. "उद्या येते कामावर. पण ताईंना नका हं सांगू."

"नाही सांगणार," सुमेधाताई म्हणाल्या.