स्टोव्ह तेवढा काढा

अठ्ठ्याहत्तर साली, पंचवटीतले यात्रेकरूंचे उपाध्ये ढुंढिराजगुरुजी आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला निघाले, ते बायकोला मुलूख दाखवायला. लग्न होऊन आल्यापासून अनसूयाबाई घरी उतरणाऱ्या यात्रेकरूंना रांधून वाढत होत्या. गोदावरीखेरीज दुसरी नदी त्यांनी पाहिली नव्हती. आता ऐनवेळी त्या नको म्हणतील, एवढीच गुरुजींना धास्ती.

गॅरेजवाल्या गफूरभाईंनी जुन्या मॅटॅडोरचं दार सरकवलं आणि दोघं बघतच राहिली. आत झोपायला गादीचा बाक, खिडक्यांना पडदे, पाण्याची टाकी आणि चक्क ओटा!

"वहिनी, चाकावरचं घर आहे हे," गफूरभाई म्हणाले. "स्टोव्हपण फिट केलाय. वाटेल तिथं थांबा, गरमागरम स्वयंपाक करा."

अनसूयाबाईंनी पडदा सारून पाहिला, बाकावर टेकून पाहिलं. मग म्हणाल्या, "गाडी घेऊ या. स्टोव्ह तेवढा काढून टाका."

"अगं, मग जेवायचं काय?" गुरुजी घाबरले.

"नडियादला जमनाबेनकडे कढी-खिचडी. धारवाडला गंगव्वांकडे भाकरी आणि भरली वांगी. विदिशाला मिश्रांच्या सुनेकडे पुऱ्या..." अनसूयाबाई बोटांवर घरं मोजू लागल्या. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी घरं संपेनात. गुरुजी आ वासून ऐकत होते.

"आपल्याकडून निघताना सगळ्याजणी म्हणायच्या, आता तुम्ही यायचं आमच्याकडे जेवायला. तीस वर्षं प्रत्येकीला हो म्हणतेय मी."