स्प्रिंगमधलं रबर

"या गाडीत मी सून पाठवायची नाय," गीताबाईंनी सांगून टाकलं आणि गाडीच्या मागच्या दाराला पाठ लावून त्या उभ्याच राहिल्या.

समोर त्यांच्या विहीणबाई, आशाबाई, उभ्या होत्या. मुलगा कृष्णा याला घेऊन त्या सकाळीच संभाजीनगरहून पिशोरला आल्या होत्या, लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायला. सायलीचा सातवा सरत आला होता. उद्या आठवा लागणार, आणि आठव्यात पोरीला हलवायचं नाही ही दोन्ही घरची रीत. आज नेली नाही तर बाळंतपण इथंच.

"गेल्या महिन्यात तुमच्या कृष्णानंच दवाखान्यात नेऊन आणली," गीताबाई म्हणाल्या. "दिवसभर पोटाला हात लावून बसली होती पोरगी. डॉक्टर सांगते धक्का नको, आन् ही गाडी हाय का उधळलेलं खोंड?"

"मावशी, दोन महिन्यांपूर्वीच नवं काम केलंय गाडीचं," कृष्णा कुरकुरला. "चारी स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबराचे बफर बसवलेत. आधी प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून घासायची. आता बघा कशी उंच झाली."

"उंच झालीच," ओसरीवरून सायली म्हणाली. "चांगली गाडी होती, दादा. घोडा केलास तिचा."

गीताबाईंनी विहिणीपुढं पाण्याचा पेला धरला. सोमवार होता. दिवस मावळेपर्यंत आशाबाई पाणीसुद्धा घेत नसत.

"माझा उपास आहे, विहीणबाई."

"व्हय, व्हय. आमच्या घरचं पाणी कसं चालंल तुम्हाला!"

आशाबाई हसल्या. पेला मात्र त्यांनी हातात घेतला. काठोकाठ भरलेला होता. त्या पाण्याकडे बघता बघता त्यांच्या मनात आलं, धक्का धक्का म्हणतोय खरं, पण तो आहे केवढा, हे कुणी बघितलंय?

"जरा बाजूला व्हा बरं. मी बसून बघते."

पेला मांडीवर धरून त्या मागं बसल्या. कृष्णानं गाडी बसस्टँडपर्यंत नेली आणि परत फिरवली. पहिल्याच खड्ड्याला अर्धं पाणी लुगड्यावर आलं. आशाबाईंना राग आला नाही, नवल वाटलं.

"कृष्णा, गाडी खाली जातच नाही रे. आपल्यालाच वर फेकते. असं का?"

"रबर कडक आहे, आई. स्प्रिंग दबायला वजन पाहिजे. मिस्तरी म्हणाला होता, पाच माणसं बसणार असतील तरच टाका."

"मग टाकलं कशाला?"

"शोरूमसारखी दिसते ना उंच." त्यानं गियर बदलला. "गाडीत मी एकटाच असतो, हे ध्यानात आलं नाही."

"आता काढता येतं?"

"चाकं उचलून, स्प्रिंगा मोकळ्या कराव्या लागतील. इथं कोण काढून देणार?"

दारात आल्यावर आशाबाईंनी पेला पुन्हा भरून मागितला. "आणि विहीणबाई, मक्याची दोन पोती मिळतील का? डिकीत ठेवायला. परत पाठवून देते."

"मका?" गीताबाई बघतच राहिल्या. पण पोती काढून दिली.

दुसऱ्या फेरीत बोटभरच पाणी सांडलं. गाडी परत आली तेव्हा गीताबाई दुसरीकडेच बघत होत्या. मग न राहवून त्यांनी विचारलं,

"किती गेलं?"

"एवढंसं. मागून दबलीय. अजून एखादं माणूस असतं तर बघायला झालं असतं."

"पाण्याला काय कळतंय? मी बसल्याबिगर मला पटायचं नाय." गीताबाईंनी पदर खोचला, आशाबाईंना पलीकडं सरकवलं आणि पेला स्वतःच्या हातात घेतला.

बसस्टँडजवळचा स्पीडब्रेकर आला. पाणी काठापर्यंत चढलं, काठाला लागलं आणि मुकाट्यानं परत खाली बसलं.

"मागं घे रे," गीताबाई म्हणाल्या. "अजून एकडाव घाल त्याच्यावरून."

कृष्णानं घातली. मग त्यांनी आणखी एकदा घालायला लावली. स्टँडवर चहा पीत बसलेली माणसं एकाच उंचवट्यावरून मागंपुढं जाणाऱ्या गाडीकडे टक लावून बघत होती.

घरी आल्यावर गीताबाईंनी स्वतःच्या हातानं सायलीची ओटी भरली, तिला खिडकीशी बसवलं, पाठीला उशी दिली. मधे आशाबाई बसल्या. दुसऱ्या खिडकीशी गीताबाई शिरल्या.

"फाट्यापर्यंत येते. तेवढाच रस्ता लई वंगाळ हाय. तिथून रिक्षानं येईन माघारी."

आशाबाईंनी मान डोलावली. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. सुनेच्या माहेरी बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं गीताबाईंचं होतं. आणि बोलावायचं खास असं कधी सुचलं नाही, हे आशाबाईंना आत्ता, या रस्त्यावर, खड्डे मोजता मोजता कळत होतं.

खड्डे होतेच. गाडी प्रत्येक खड्ड्यात जडपणे उतरे आणि सावकाश वर येई. तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यानंतर सायलीचा डोळा लागला.

फाट्यावर कृष्णानं गाडी बाजूला घेतली. समोर दोन रिक्षा उभ्या होत्या. गीताबाईंनी दाराच्या कडीला हात घातला. आशाबाईंनी त्यांच्या दुसऱ्या हातावर हात ठेवला.

"विहीणबाई, घरी चला ना."

गीताबाई झोपलेल्या सुनेकडे बघत राहिल्या. घरातल्याच चपला घालून त्या निघाल्या होत्या. बरोबर ना पिशवी, ना दुसरं लुगडं. मग त्यांनी कडीवरचा हात काढला.

"मी उतरले तर गाडी पुन्हा उडंल," त्या कृष्णाला म्हणाल्या. "चल तू."