टोपली रिकामी होईपर्यंत

मेहुल सर बोईसर स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकत होते.

चारुता पुढे गेली, थबकली आणि मागे फिरली. तेच सर. वर्षभर तिला प्रोग्रामिंग शिकवणारे. शिकवणारे म्हणजे, पडद्यावर कोड दाखवून 'उतरवून घ्या' म्हणणारे. क्लासच्या पहिल्याच दिवशी तिने उभं राहून विचारलं होतं, "सर, नोकरी खरंच लागते का?" आणि सर म्हणाले होते, "लागते. मला लागली ना." तेवढ्या एका वाक्यावर तिच्या आईने, पारूने, चिंचणीच्या अख्ख्या आळीत सांगून टाकलं होतं, की आमची पोरगी आता सॉफ्टवेअरवाली होणार.

"सर, तुम्ही इथे?"

"क्लास सोडला मी. चुलतभावाचं दुकान आहे हे."

"म्हणजे आमच्या तोंडाला पानंच पुसलीत की!"

"मी खोटं कधीच बोललो नाही, चारुता," सर म्हणाले आणि गिऱ्हाइकाला कव्हर दाखवू लागले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं नाही तर काय? मुंबईच्या एका कंपनीत तिला मुलाखतीला बोलावलं होतं. "हा प्रोजेक्ट तुम्हीच केलात ना? मग ही ओळ काढली तर काय होईल?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. तिला सांगता आलं नाही. उतरवून घेतलेल्या ओळीचं काय सांगणार, कपाळ? त्यानंतर ती घरीच बसून पुन्हा पहिल्यापासून शिकली. एकेका एररशी भांडली, रडली, सकाळी पुन्हा भांडली. आता कोड खरंच येत होता, तर कंपन्या विचारत, अनुभव किती? नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. हे कोडं ज्याने घातलं त्याच्या तोंडात मूठभर सुकट कोंबावी, असं तिला वाटे.

त्यात मामाची वैभवी रोज विचारायची, "ताई, तुला लागली काय गो? तुला लागली तरच बाबा माजं नाव घालनार हाय त्या क्लासात. तू एरर समजावतेस ना, तसं कोनी समजावत नाय."

"थांब, आधी माझं बघू दे," चारुता म्हणायची.

आज मात्र ती तडक क्लासचा जिना चढली. दारावर 'शंभर टक्के नोकरी' ही पाटी तशीच होती. आत क्लासचे मालक कमलाकांत सर चहा पीत होते.

"तुमचे सर रस्त्यावर कव्हरं विकतायत," ती उभ्यानेच म्हणाली. "आमच्या बॅचमध्ये एकालाही नोकरी नाही. पाटी काढा, नाहीतर मी काढते."

कमलाकांत सरांनी कप खाली ठेवला. ते चिडले नाहीत. उलट तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्हाला खरंच येतं?"

"येतं. तुमच्यामुळे नाही."

"मग लूप समजावा. मला काहीच कळत नाही असं धरा."

रागाच्या भरात तिने मार्कर उचलला. "माझी आई बोंबील वाळत घालते. टोपलीतून दोन घ्यायचे, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं, दांडीवर टाकायचे. परत दोन घ्यायचे. टोपली रिकामी होईपर्यंत. टोपली रिकामी झाली की थांबायचं, ही अट. आणि कुणी मागून टोपलीत भरच घालत राहिला, तर आई कधीच थांबणार नाही. कळलं?"

"कळलं," कमलाकांत सर म्हणाले. "बसा. तुमच्यासाठी एक जागा आहे."

त्यांनी काम सांगितलं, पगार सांगितला. चारुताचे कान तापले. ती ताडकन उठली. दारापर्यंत गेली. तिथे तिला आईचा चेहरा आठवला, आळीतल्या बायका आठवल्या. ती परत येऊन बसली.

घरी आई दांडीवरचे बोंबील काढत होती.

"लागली, आई."

"आगो बाय! कुठं?"

"बोईसरलाच."

"कंप्युटरचीच ना?"

"कॉम्प्युटरचीच."

पारूने हातही न धुता लेकीला मिठी मारली. संध्याकाळी आळीभर पेढे गेले. मामा पेढा खाऊन सरळ बोईसरला गेला आणि वैभवीची फी भरून आला. त्याने पावती दाखवली तेव्हा चारुता काहीतरी बोलणार होती. पण आई एवढी हसत होती, की चारुताने पावती तशीच मामाला परत दिली. स्वतःच्याच मुस्काटात मारावी असं तिला त्या रात्री वाटलं.

सोमवारी दोघी एकाच रिक्षाने बोईसरला उतरल्या. वैभवी नवी वही छातीशी धरून चालत होती. जिन्याशी ती थांबली.

"ताई, तू जा आता. तुज्या कंपनीत उशीर होल."

"चल, मीही वर येते."

वर्ग भरला होता. वैभवीने पहिल्या बाकावर जागा धरली आणि ताई अजून जात का नाही म्हणून दाराकडे पाहिलं. चारुता दाराशी नव्हती. ती फळा पुसत होती.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, नोकरी खरंच लागते का?"

चारुताने वैभवीकडे पाहिलं नाही.

"लागते," ती म्हणाली. "मला लागली ना."