लीलावहिनीची भुतांची फेरी

“ही भुतांची फेरी आजपासून बंद,” सबनीससाहेब म्हणाले. “कंपनीची बदनामी होते.”

“बदनामी कसली, साहेब?” लीलावहिनीने पदर खोचला. “कंपनीने लिहिलं तेच दाखवतो आम्ही.”

फेरीत काळूचं भूत होणाऱ्या गोकुळला नेमकं हेच खटकायचं.

वहिनीचा नवरा काळू शहाऐंशीच्या होळीला गेला. कंपनीच्या अहवालात होतं, सुट्टी होती, शेड बंद होती, आत दुसरं कुणी नव्हतं. काळू दारू पिऊन चोरी करायला भिंतीवरून उतरला आणि सॉल्व्हंट रसायनाच्या टाकीपाशी वाफांनी गुदमरून मेला. सकाळी शोधत गेलेल्या वहिनीलाच तो सापडला. काळू दारूला शिवत नसे, हे धुळ्याकडून आलेल्या सगळ्या कामगारांना ठाऊक होतं. त्याला कामावर बोलावून नेलं, असं वहिनी म्हणायची. ऐकतो कोण?

पुढच्या वर्षापासून ती दर शनिवारी संध्याकाळी त्या शेडच्या फाटकाशी उभी राहून नवऱ्याच्या भुताची गोष्ट सांगू लागली. लोक थांबू लागले. मग गोकुळ भूत झाला. गोष्टीची फेरी झाली; गलोंडा गावच्या रस्त्यावर चिंचेवरची हडळ आली, रांधा गावचा बिनमुंडक्याचा घोडेस्वार आला. डोकमर्डी वस्तीतली इंजिनिअर मंडळी मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन येऊ लागली. घोडेस्वार तीनदा बदलला. फेरीच्या शेवटी मात्र तोच चोर, तोच दारुडा काळू.

“वहिनी, आपल्याच माणसाला किती दिवस चोर म्हणायचं?” गोकुळ विचारायचा.

“तू भूत हाये ना? मग बोलतो कशाला?”

सबनीस अकरा वर्षांपूर्वी इथेच शिफ्ट इंजिनिअर होते. आता मॅनेजर होऊन परतले होते.

“त्या होळीला मी पुण्यात होतो,” ते जमलेल्यांना म्हणाले. “पण अहवाल मला पाठ आहे.”

“मग आजची फेरी बघाच,” वहिनी म्हणाली. “चूक निघाली, तर मीच बंद करते.”

दिवेलागणीला चाळीसेक माणसं फाटकाशी आली. गोकुळ एका हातात बाटली, दुसऱ्या हातात पेटता कंदील घेऊन भिंतीवरून उतरला आणि झोकांड्या खात टाकी म्हणून ठेवलेल्या पिंपाकडे निघाला. पोरं किंचाळली.

“थांबा, थांबा!” सबनीस हसत पुढे आले. “निघाली चूक! सॉल्व्हंटजवळ पेटता कंदील? अख्खी शेड उडाली असती. कुठला इंजिनिअर असं होऊ देईल? पिवळी टॉर्च दिली होती त्याला.”

लोक हसले. गोकुळने मान खाली घातली. दहा वर्षांची फेरी एका वाक्यात संपली होती.

“मान्य, साहेब. फेरी बंद,” लीलावहिनी म्हणाली. “पण ती पिवळी टॉर्च त्याच्या मुठीतून मी सोडवून घेतली, ती आजवर पोलिसांनासुद्धा दाखवलेली नाही.”