न बुजवलेलं भगदाड

सरकारी सायबर कचेरीतल्या इंजिनिअर बाईंना दोन वर्षांपूर्वी व्हेंटिलेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भगदाड सापडलं होतं. त्यातून शिरून कुणीही दूर बसल्या बसल्या रुग्णाचं यंत्र बंद पाडू शकला असता. "कंपनीला कळवू का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा साहेब हसले होते. "शेजारच्या देशातही हीच यंत्रं आहेत. हातातलं हत्यार कुणी फेकून देतं का, बाई?"

आज शेजाऱ्यांनी त्याच भगदाडातून इथल्या रुग्णालयातली अकरा यंत्रं बंद पाडली. नर्सांनी रबरी पिशव्या हातांनी दाबत नऊ जणांचा श्वास चालू ठेवला. दोघं गेले.

"आता तरी कंपनीला कळवू या," बाई बैठकीत म्हणाल्या.

"छे! उलट आता कुठे सामना रंगात आलाय," साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "त्यांची बारा बंद पाडू, म्हणजे पारडं आपलं जड."

बाई तडक उठून जिन्यात गेल्या आणि नोकरीवर पाणी सोडून त्यांनी स्वतःच कंपनीला फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं.

पलीकडचा माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, आम्हाला ते केव्हाचं ठाऊक आहे. बुजवू नका म्हणून तुमच्या साहेबांचं पत्र आहे आमच्याकडे. शेजारच्या देशाच्या साहेबांचंही आहे. दोघंही जुने ग्राहक. आम्ही कुणाला दुखवणार?"